चेंज द व्हॉइस

आमच्या भागात दहावीत कोणी राहिलं तर ते इंग्रजीत राहतं, नाहीतर गणितात. इतिहासात नापास झालेला माणूस मी साठ-पासष्ट वर्षांत पाहिला नाही. अहमदपूर आणि कंधार ह्या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. बैल इकडं वळवला तर लातूर जिल्हा, तिकडं वळवला तर नांदेड. पण ह्या बाबतीत दोन्हीकडं एकच रडगाणं. निकाल लागला की पाराखाली एवढंच विचारायचे, "इंग्रजीत निघाला का?" नाही निघाला तर ऑक्टोबरची वारी. दोन वाऱ्या झाल्या की पोरगा पुण्याला कंपनीत हेल्पर, आणि पोरगी राहिली तर तिच्या बापाला पाहुणे पाहायला मोकळं रान. चारसहा मार्कांवरून कितीतरी पोरींची लग्नं ठरलेली मी पाहिलीत. ह्या विषयाची आम्हाला धास्ती वाटते ती उगीच नाही.

मी १९७७ साली दहावी झालो. नवी दहावी सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. आता २००० सालापासून पहिलीपासून आहे. आमचे इंग्रजीचे सर मोठे कडक. धोतर, काळी टोपी आणि हातात लिंबाची हिरवी शिमटी. त्यांच्या पिशवीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचं पिवळं पडलेलं पुस्तक कायम असायचं. मराठीचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. त्या पुस्तकावर दोन-चार पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आम्हाला त्यातलंही पूर्ण मिळालं नाही. आम्हाला मिळाले रूल.

त्यातला सगळ्यात मोठा रूल म्हणजे 'चेंज द व्हॉइस'. "राम किल्ड रावण." कर्म उचलून पुढं आण, कर्ता मागं ढकल, मधे 'वॉज' घाल, क्रियापदाचा तिसरा फॉर्म लाव आणि शेवटी 'बाय'. झालं, "रावण वॉज किल्ड बाय राम." महाराष्ट्रातल्या शाळांत ह्या एका रावणाला किती हजार वेळा मारलं असेल, देव जाणे. मळणी यंत्रात वरून पेंढी घातली की खालून दाणे पडतात, तशी आमची वाक्यं पडायची. शब्दाचा अर्थ माहीत असायची गरज नव्हती. आमच्या वर्गातल्या एकानं "आय ॲम अ बॉय" ह्या वाक्याचा व्हॉइस बदलून "अ बॉय इज ॲम्ड बाय मी" असं फळ्यावर लिहिलं होतं. सरांनी त्याला शिमटीनं फोडला. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं, त्या पोरानं रूल बरोबर लावला होता. ते वाक्य कशासाठी बदलायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रावणाला मारलं हे महत्त्वाचं की रामानं मारलं हे महत्त्वाचं, अन् कोण कुठं झाकायचं, कोण कुठं दाखवायचं, हा प्रश्न वर्गात आलाच नाही.

माझ्या वडिलांची गोष्ट वेगळी. ते निजामाच्या राज्यात चार बुकं शिकलेले. तेव्हा सरकारी कारभार सगळा उर्दूत. वडिलांना उर्दूचं व्याकरण विचारलं असतं तर ते हसले असते. पण चावडीवरचा कागद समोर आला की त्यातली मेख ते बरोबर काढायचे. जमीन 'दिली' आणि 'दिली जाईल' ह्यात किती अंतर असतं ते त्यांना शाळेत नाही, चावडीत कळलं. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, हळूहळू कागद मराठीत आले. पण जुना खटला निघाला की म्हातारपणीसुद्धा लोक त्यांना घेऊन कंधारला जायचे. भाषा त्यांना पोटासाठी लागली म्हणून आली. मी मात्र इंग्रजीत ४१ मार्क घेऊन पास झालो आणि दुसऱ्या दिवशी औत धरलं.

एक वाक्य मात्र मला शाळेत कोणी न शिकवता कळलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शाळेत सुकडी यायची. तिच्या गोण्यांवर हात मिळवल्याचं चित्र आणि खाली इंग्रजी अक्षरं असायची. मला तेव्हा नुसती अक्षरं लावता यायची. एकदा गोणी बाजारात विकायला निघालेली एकानं पाहिली आणि मोठा गलका झाला. तेव्हा तलाठ्यानं सगळ्यांसमोर ती ओळ वाचली, "नॉट टू बी सोल्ड", विकायची नाही. कोणी विकायची नाही? कोणीच नाही. मालक असू दे, मास्तर असू दे. म्हणून तिथं कर्त्याचं नाव नव्हतं. पुढं नववीत सर 'पॅसिव्ह' म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती गोणी आली. पण वर्गात ते सांगायची सोय नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी नात. २०२४ च्या जूनला ती दहावीत गेली. घरात उजेड चांगला आणि ओसरी मोठी म्हणून तिच्या वर्गातल्या चार पोरी संध्याकाळी आमच्याकडंच अभ्यासाला बसू लागल्या. गावच्या हायस्कुलात इंग्रजीला एक तरुण सर आलेत. शेतकऱ्याचंच पोरगं, मुखेडकडचं. ते आठवड्यातून दोनदा ओसरीवर येत. फी घेत नसत, चहा मात्र दोनदा लागायचा. मी बाजेवर पडून ऐकायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरींना मराठीत विचारलं, "तू आता काय करायलीस?"

नात म्हणाली, "बसलेव, अभ्यास करायलेव."

"आणि रोज सकाळी काय करतीस?"

"शेण काढते. पाणी भरते."

सर म्हणाले, "झाला तुमचा टेन्स."

मी उठून बसलो. आमच्याकडं 'करायलाव, जायलाव' म्हणतात, लातूर-औशाकडं गेलं की 'काय करलालास' ऐकू येतं. पुण्याची माणसं ह्या बोलीला हसतात. पण तिच्यात आत्ता चाललेलं काम आणि रोजचं काम ह्यांची कधी सरमिसळ होत नाही. इंग्रजीत तरी दुसरं काय आहे? 'लाव' ऐकू आलं की 'ॲम' आणि मागं 'आयएनजी'. 'ते' ऐकू आलं की नुसतं क्रियापद. आमची पोरं चाळीस वर्षं "आय ॲम गो टू स्कूल" लिहीत आलीत, कारण त्यांच्या डोक्यात 'मी' म्हणजेच 'आय ॲम' असं बसलंय. त्या चुकीवर सरांनी लाल शाई नाही वापरली. त्यांनी पोरीला विचारलं, "म्हणजे तू आता जायलीस का रोज जातीस?" तिनं स्वतःच 'ॲम' खोडला.

पुढच्या खेपेला पाऊस झालेला होता. सरांनी "इट रेन्ड" आणि "इट हॅज रेन्ड" ही दोन वाक्यं लिहिली. फरक काय? पोरी गाईड उघडायला लागल्या. मीच बाजेवरून बोललो, "पाऊस पडला आणि पाऊस पडलाय. पडला ही झालेली गोष्ट. पडलाय म्हणजे रान आजून ओलं हाय, वापसा नाही, औत घालू नका." सर वहीत लिहून घ्यायला लागले तेव्हा मलाच लाजल्यासारखं झालं. पण 'हॅज'चा मतलब तोच. काम मागं झालं आणि त्याची ओल अजून आहे. कृषी खातं सांगतं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. "इफ इट रेन्स, वुई विल सो." आणि पाऊस दगा देऊन गेला की ऑक्टोबरात आपण म्हणतो, पडला असता तर पिकलं असतं, पिकलं असतं तर देणं फिटलं असतं. ते "इफ इट हॅड रेन्ड". पोरींना हे वाक्य सगळ्यात लवकर आलं. मराठवाड्यातलं प्रत्येक घर ह्या 'असता-असतं'मध्येच राहतं.

सरांनी एकदा सांगितलं की ही काही त्यांची अक्कल नाही. प्रभू नावाच्या एका इंग्रजीच्या जाणकारानं १९७९ ते ८४ ह्या काळात बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत असा प्रयोग केला होता. व्याकरणाचा धडा न देता पोरांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असलं काहीतरी सोडवायला द्यायचं आणि भाषा त्यातून येऊ द्यायची. मी मनात हिशेब केला. तिकडं हे चाललं होतं तेव्हा मी शाळा सोडून दोनच वर्षं झाली होती. तिकडचं वारं आमच्यापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली.

रेल्वेचं निघालं म्हणून सांगतो. माझ्या डोळ्याच्या तपासणीला नांदेडला गेलो तेव्हा नात बरोबर होती. स्टेशनवर गाडी तीन तास लेट. वरून बाई बोलत होती, "द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड." मी हे जन्मभर ऐकत आलो. नात म्हणाली, "आबा, हे पॅसिव्ह हाय. कोणाला वाईट वाटायलंय ते सांगतच नाहीत." शेजारी बसलेला एक सरदारजी मोठ्यानं हसला. तो सचखंड एक्सप्रेसची वाट पाहत होता आणि त्याला मराठी चांगलं येत होतं.

सरांनी मग पोरींना घरातले इंग्रजी कागद गोळा करायला लावले. बियाण्याची रिकामी बॅग, खताचं पोतं, औषधाच्या बाटलीबरोबरची घडीची चिठ्ठी, बँकेचा मेसेज. सोयाबीनच्या बॅगेवर उगवण कमीत कमी ७० टक्के लिहिलेलं असतं. 'मिनिमम' हा शब्द त्या दिवशी कळला, आणि 'मे' आणि 'मस्ट' ह्यातला फरकही. दुकानदार आपल्याला जे 'होईल' म्हणून सांगतो, ते बॅगेवर 'होऊ शकेल' असं असतं.

औषधाच्या चिठ्ठीवर मात्र सगळे गप्प झाले. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे आम्हा शेतकऱ्यांना रंगावरून माहीत आहे. पण आतल्या बारीक अक्षरात विष पोटात गेलं तर काय करायचं ते असतं. एका चिठ्ठीत होतं, उलटी करवा. दुसरीत होतं, उलटी करवू नका. मधे फरक फक्त 'डू नॉट' एवढाच. कायद्यानं मराठीतही छापतात, पण मोहरीपेक्षा बारीक. २०१७ साली यवतमाळकडं फवारणी करता करता कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत होतं. एका पोरीचा मामा तिकडंच आहे. तिनं ती ओळ वहीत तीनदा लिहिली. तिला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं.

लातूरला शिकवण्यांचं मोठं राज्य आहे. लातूर पॅटर्नचं नाव साऱ्या महाराष्ट्रात आहे आणि त्यामागं पोरांची आणि मास्तरांची खरी मेहनत आहे, पेपरवर पेपर सोडवून घेतात. सराव वाईट असं मी म्हणणार नाही. मेढीला बैल फिरल्याशिवाय खळं होत नाही. पण खळ्यावर कणसं तरी पाहिजेत. आमच्या पोरी सरांकडून शिकायच्या आणि नंतर गाईडातले पंचवीस-पंचवीस प्रश्नही सोडवायच्या. दहावीचं नवं पुस्तक २०१८ ला आलं, कृतिपत्रिका आली. आता व्याकरण उताऱ्याच्या पोटातच विचारतात, हे बरं झालं. पण बाजारात दुसऱ्याच महिन्यात त्याचंही गाईड आलं, उतारा न वाचता उत्तर कसं काढायचं ते सांगणारं. आपल्या लोकांचा हात कोणी धरावा!

आता खरी गोष्ट. २०२४ च्या सप्टेंबरच्या एक-दोन तारखेला नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली सगळीकडं धो धो पाऊस झाला. ओढ्याकाठची सोयाबीन पाण्याखाली गेली. माझ्या चुलत भावजयीचं अडीच एकर त्यातच. नवरा नाही, मुलगा भिवंडीला. पीक विम्यात तेव्हा नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. तीन तारखेला सकाळीच माझ्या मुलानं तिच्या फोनवरून कळवलं. मेसेज आला, त्यात नंबर होता.

डिसेंबरात तिला इंग्रजीत पत्र आलं. ती अंगठेबहाद्दर. पत्र पदरात बांधून आमच्याकडं आली आणि म्हणाली, "पैशाचंच असंल, वाचा की गं पोरींनो."

पोरींनी वाचलं. "युवर क्लेम हॅज बीन रिजेक्टेड ॲज द लॉस वॉज नॉट इंटिमेटेड विदिन सेव्हंटी टू अवर्स." खाली लिहिलेलं होतं की हे पत्र कॉम्प्युटरनं तयार केलेलं आहे, सहीची गरज नाही.

नातीनं अर्थ सांगितला. भावजय काही बोलली नाही. भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी सर आलेले होते. त्यांनी पत्र हातात घेतलं, आणि मला वाटलं आता ते विमा कंपनीला शिव्या देतील. तर ते म्हणाले, "चेंज द व्हॉइस."

पोरी वह्या काढून बसल्या. नाकारण्यात आला आहे. कोणी नाकारला? पत्रात नाव नाही. कळवण्यात आलं नाही. कोणी कळवलं नाही? कोणाला? तेही नाही. एक पोरगी म्हणाली, "सर, रावण मेला पण रामच नाही ह्याच्यात." मला त्या धोतरवाल्या सरांची आठवण झाली. एवढी शिमटी खाऊन जे कळलं नाही ते हे होतं. मराठीतलं सरकारी पत्र तरी काय वेगळं असतं? 'आदेश देण्यात येत आहेत', 'अर्ज निकाली काढण्यात आला आहे'. देणारा आणि काढणारा नेहमी रजेवर.

मग कर्ता शोधायला लागल्या. भावजयीचा फोन आणला, मेसेज शोधला, तारीख आणि नंबर उतरवून घेतला. "द लॉस वॉज नॉट इंटिमेटेड" ह्याच्यापुढं त्यांनी लिहिलं, "आय इंटिमेटेड यू ऑन थर्ड सप्टेंबर." दुसरं वाक्य, "यू सेंट मी धिस नंबर ऑन द सेम डे." तिसऱ्या वाक्यावर वाद झाला. "यू रिजेक्टेड माय क्लेम" असं सरळ लिहायचं का नरम लिहायचं? एक म्हणाली, साहेब चिडतील. नात म्हणाली, "चिडू दे, खरं हाय की." सरळच लिहिलं. एकूण आठ वाक्यं झाली. एकातही 'बाय' नव्हता.

पत्र मराठीत लिहिलं असतं तरी चाललं असतं, चालायलाच पाहिजे. ती मराठी बाई आहे आणि महाराष्ट्रात राहते. म्हणून मराठीतलंही एक जोडलं. पण ज्या भाषेत नाही म्हणाले त्याच भाषेत विचारलं तर समोरच्याला 'समजलं नाही' म्हणायला जागा राहत नाही, असं सरांचं म्हणणं आणि ते मला पटलं.

वाचून दाखवल्यावर भावजय म्हणाली, "ह्याच्यात मपलं नाव कुठाय?"

नातीनं बोट ठेवलं. "हे आय आय दिसायलंय का? ही तूच, आज्जी."

तिनं ते अक्षर पाहिलं. ज्वारीच्या धाटासारखं उभं. "एवढीच व्हय मी," म्हणाली आणि शाईत अंगठा बुडवला.

एक प्रत कंपनीला, एक तालुका कृषी अधिकाऱ्याला, एक कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्ह्याच्या तक्रार समितीला. रजिस्टरनं पाठवली, पावत्या माझ्या पेटीत आहेत. पंधरा दिवसांनी नातीनं फोन लावला. तिकडचे साहेब चांगलं बोलले. कागद मिळालेत म्हणाले, उद्या बघतो म्हणाले. पुन्हा आठ दिवसांनी लावला, तेव्हाही उद्या बघतो म्हणाले.

त्या आठवड्यात सरांचा रिपोर्टेड स्पीचचा धडा चालू होता. पोरींना उदाहरण शोधावं लागलं नाही. "ही सेड दॅट ही वुड सी द नेक्स्ट डे." दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायला लागलो की 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' होतं, असं नात मोठ्यानं पाठ करत होती. भावजय ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिनं विचारलं, "ह्ये नेक्स्ट डे म्हणजी कोणता वार गं?"

पोरी हसल्या, सरही हसले. मग नातीनं कॅलेंडर काढलं आणि सोमवारी सगळ्यांनी मिळून तालुक्याला जायचं ठरलं. दहा वाजताच्या एसटीनं. भावजयीनं पावत्या मागून घेतल्या आणि पत्र होतं त्याच पदराच्या गाठीत बांधल्या.